सर, तुमचे चारही नंबर लागत नाहीत

सर, नमस्कार.

हे खरं तर एका फोनवर झालं असतं. माझ्या मोबाईलमध्ये, कोच म्हणून जिथे जिथे गेलात तिथले तुमचे चार नंबर सेव्ह आहेत, सर गोवा, सर मिझोराम, सर कोलकाता आणि सर केरळ. परवा रात्री चारही लावून बघितले. एक बंद, दोन अस्तित्वातच नाहीत आणि चौथा कुठल्यातरी मल्याळी काकांनी उचलला, ते बिचारे पाच मिनिटं प्रेमाने काहीतरी सांगत होते आणि मी नुसतं सॉरी सॉरी करत होतो. म्हणून हे उघडं पत्र. आपल्याकडे फुटबॉलची दुनिया एवढी छोटी आहे की कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये, आणि पुढे क्लबवाल्यांबद्दल थोडं बोलणार आहे त्याचा ताप तुम्हाला नको.

परवा ती पोस्ट बघितली. क्लबचा लोगो, तुमचा पाठमोरा फोटो आणि खाली चार ओळी, परस्पर संमतीने वेगळे होत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. परस्पर संमती! सर, मी पण आता पोरांना शिकवतो, ही संमती कशी असते मला माहितीये, ती एकाची असते आणि दुसऱ्याला कळवतात. आणि फोटो पण पाठमोरा, समोरून काढलेला एक फोटो मिळाला नाही का कुणाला अख्ख्या सीझनमध्ये? ते बघितलं आणि जेवण गेलं नाही. अकरा वर्षं झाली, मी तुम्हाला एकदाही नीट थँक यू म्हणालेलो नाही हे त्या रात्री डोक्यात आलं ते जाईचना.

तुम्हाला कदाचित आठवणार पण नाही. तुमच्यासाठी तो एक शनिवार होता.

साल 2014. आयएसएल, फुटबॉलची ती नवीन मोठी लीग, नुकतीच सुरू होणार होती, देल पिएरो दिल्लीला येणार, अनेल्का मुंबईला येणार अशी रोज पेपरात बातमी. आणि मी कोल्हापुरात घरी कॉटवर, गुडघ्याखाली दोन उशा घेऊन पडलेलो. वय वीस. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय असतो हे सांगायला लागत नाही, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या दोन क्लबांची मॅच असली की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ दोन वेगळे देश होतात, सख्खे पाहुणे एकमेकांशी बोलत नाहीत दोन दिवस. त्या गर्दीसमोर खेळायला मिळावं एवढंच स्वप्न होतं आमचं. माझा क्लब कुठला ते सांगत नाही, या दोघांतला नव्हता एवढं सांगतो, उगाच कुणाच्या घरावर दगड नको.

मॅचमध्ये मी एकटाच होतो, कुणी धक्का पण मारला नाही, वळायला गेलो, पाय जमिनीत रुतला आणि वरचं शरीर वळलं. आतून कट्ट असा आवाज आला. ज्याची एसीएल, म्हणजे गुडघ्यातली लिगामेंट, गेलीये त्याला तो आवाज माहितीये, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा.

क्लबवाले पहिले दोन दिवस आले. तिसऱ्या दिवसापासून फोनवर "बघू". आठवड्याने एक पदाधिकारी येऊन उभ्याउभ्या म्हणाले, अरे इंडियाचा जर्नेलसिंग डोक्याला टाके घालून खेळला होता, तुम्ही आजकालची पोरं लगेच झोपता. मग मी एक दिवस व्हॉट्सॲप बघितलं तर ग्रुपमधून काढलेलं. भांडण नाही, बोलणं नाही, सरळ रिमूव्ह. मला वाटलं चुकून झालं असेल म्हणून मी ॲडमिनला मेसेज पण केला, दोन निळ्या टिका आल्या, बस्स.

आणि मग ट्रॅकसूट. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो सर. एक पोरगा आला घरी, माझ्याच बरोबर खेळणारा, मान खाली, म्हणाला क्लबचा ट्रॅकसूट मागितलाय, नवीन प्लेयरला द्यायचाय. आईने तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पिशवीत घालून दिला. इस्त्री करून! मी आतून ओरडत होतो की तसाच दे, मळका दे, आणि ती म्हणाली, आपल्याकडनं गेलेली वस्तू नीट जावी.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. तुमचा माझा संबंध काय होता सांगा ना. तुम्ही त्या वर्षी आमच्या भागात दुसऱ्याच एका टीमला आठ महिन्यांसाठी आलेले मुंबईचे कोच. मी तुमचा प्लेयर नव्हतो. माझ्या क्लबचं आणि तुमच्या टीमचं काही चांगलं होतं अशातलाही भाग नाही. तुम्ही स्टॅंडमध्ये बसून ती मॅच बघत होतात, मला पडताना बघितलंत, पंधरा दिवस वाट बघितलीत की मी काठी घेऊन का होईना ग्राउंडवर दिसतो का, आणि दिसलो नाही म्हणून पत्ता शोधत घरी आलात. गुडघ्याला हात लावलात, पाय थोडा पुढे ओढून बघितलात, तोंड बारीक केलंत आणि एवढंच बोललात, "शनिवारी आमची गाडी मुंबईला चाललीये, दोन मॅचेस आहेत. चल. दाखवून घेऊ."

पुढे डॉक्टर कोण, एमआरआय कुठे, पैशाचं काय केलं ते सगळं मी इथे लिहीत बसत नाही. ते तुम्ही केलंत, त्याचे उपकार आहेतच, पण खरं सांगू का, ते सगळं आता पुसट झालंय. मला आठवते ती सीट.

पहाटे चारची वेळ. सतरा सीटची ट्रॅव्हलर. ज्यांनी टीमबरोबर प्रवास केलाय त्यांना माहितीये की दाराजवळची ती एकटी पुढची सीट, जिच्यापुढे पाय पसरायला जागा असते, ती कोचची. कुणी सांगत नाही, लिहिलेलं नसतं, पण तिथे दुसरं कुणी बसत नाही. आणि मागच्या चाकावरची सीट म्हणजे शिक्षा, पाय वर येतात, गुडघे छातीला लागतात, ती नेहमी सगळ्यात ज्युनियर पोराला. मी काठी टेकत गाडीपाशी आलो तर पुढच्या सीटवर कुणी नाही आणि तिच्यापुढे खाली बिब्सचं गाठोडं ठेवलेलं, प्रॅक्टिसला जर्सीवर घालतात ती नारंगी बिब्स, घामट वास येणारी. मला वाटलं सर अजून यायचेत. मी मागे सरकायला लागलो तर मागून तुमचा आवाज, "तिथेच बस. टाच गाठोड्यावर ठेव, गुडघा सरळ राहू दे." बघितलं तर तुम्ही मागच्या चाकावरच्या सीटवर, बॅग मांडीवर घेऊन, आधीच बसलेले. आधीच. म्हणजे मी आल्यावर उठून मला जागा दिली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं, मी नको नको म्हणालो असतो, थोडा तमाशा झाला असता. तुम्ही तो होऊच दिला नाही.

कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर. आख्खा रस्ता तुम्ही तिथे बसलात. कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, लोणावळ्याचा घाट. गाडी थांबली की तुम्ही पुढे यायचात, काही न बोलता ते गाठोडं नीट करायचात, आणि चहा घ्यायला उतरायचात. एकदाही "कसं वाटतंय" विचारलं नाही, बरं झालं, विचारलं असतं तर मी रडलो असतो पोरांसमोर.

खंबाटकीच्या अलीकडे थांबलो तेव्हा मी तुम्हाला ते जर्नेलसिंगचं सांगितलं. खरं तर तक्रार म्हणून नाही, मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्यातच दम नाही. तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि म्हणालात, "गोष्ट अर्धीच सांगितली तुला त्यांनी." मग तुम्ही सांगितलंत. 1962, जकार्ता, एशियन गेम्स. जर्नेल डिफेंडर. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. कोच रहीमसाहेबांनी त्याला परत मागे नाही उभं केलं, सेंटर फॉरवर्डला पुढे आणलं, सेमीफायनलला गोल, फायनलला कोरियाविरुद्ध गोल, 2-1, गोल्ड. "म्हणजे काय झालं? दुखापत झालेल्या प्लेयरची जागा कोचने बदलली. सगळे जर्नेलची हिंमत सांगतात, रहीमसाहेबांचं डोकं कुणी सांगत नाही. आणि रहीमसाहेब स्वतः तेव्हा आजारी होते, पुढच्या वर्षी गेले. डोक्याचे टाके वेगळे आणि गुडघ्याची लिगामेंट वेगळी, एवढं तरी शिकून मग कमिटीवर बसावं माणसाने."

आणि मी परत गाडीत चढून पुढच्या सीटवर बसलो. जागा कोचने बदलली, हे वाक्य तुमच्या तोंडून आलं, तुम्ही चाकावर जाऊन बसलात, आणि मला ढिम्म कळलं नाही की दोन्ही एकच आहे. हे कळायला मला किती वर्षं लागली ते नका विचारू.

दुसरी गोष्ट मात्र दुसऱ्याच दिवशी कळली. मुंबईत जिथे उतरलो होतो तिथे जिना होता. सकाळी तुम्ही उतरत होतात, कठडा धरून, आडवे, एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची. मी खाली उभा. तुम्ही मला बघितलंत आणि हसून म्हणालात, "माझं मॉडेल जुनं आहे." म्हणजे तुमचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट होता. आणि त्या गुडघ्याने तुम्ही आठ तास चाकावर बसून आला होतात.

तुमच्या खेळायच्या दिवसांबद्दल तुम्ही कधी फार बोलला नाहीत, जे कळलं ते तुमच्या मित्रांकडून, त्या दोन दिवसांत कूपरेज स्टेडियमच्या बाहेर. माझगावचं पोरगं, मुंबईची हारवूड लीग खेळता खेळता कंपनीच्या टीममध्ये नोकरीला लागलेलं. तेव्हाची मुंबई म्हणजे ऑफिसच्या टीमा, टाटा, मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, सकाळी प्रॅक्टिस आणि दुपारी टेबलावर फायली. रोव्हर्स कप होता, 1891 पासूनचा, कूपरेजला कलकत्त्याच्या टीमा यायच्या आणि लोक झाडावर चढून बघायचे म्हणे. मग गुडघा गेला. कंपनीने ऑपरेशन केलं नाही, सांगितलं टेबलावरचं काम कर, आणि काही वर्षांनी टीमच बंद केली. हे सांगताना तुमच्या मित्राचा आवाज चढला होता, तुम्ही मात्र "सोड रे" म्हणून विषय बदललात. एकेक करून तशा टीमा संपल्याच की. रोव्हर्स कप 2001 नंतर झालाच नाही. महिंद्रा युनायटेड तर 2005-06 ला देशाची लीग जिंकलेली टीम, 2010 ला बंद. जिंकून पण बंद होते टीम आपल्याकडे, मग हरणाऱ्यांनी काय करायचं.

तुम्ही मग कोचिंगच्या परीक्षा देत गेलात, खालून वर एकेक लायसन्स, स्वतःच्या पगारातून, वर्गात तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर बसून. आणि मग ती भटकंती. लोकांना वाटतं कोच म्हणजे फिरायला मिळतं, मजा आहे. कसली मजा, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, कुणाच्यातरी गेस्ट हाऊसची खोली, नवीन सिम कार्ड, नवीन भाषेत "मॅन ऑन", म्हणजे मागून माणूस आलाय, कसं ओरडायचं ते शिकायचं, पोरांची नावं पाठ होईपर्यंत सीझन संपतो. गोव्याला गेलात आणि 2016 ला तिथल्या मोठ्या तीन क्लबनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची लीग, सोडली, त्याचा फटका खालपर्यंत सगळ्यांनाच. मग मिझोराम. तिथे तुम्ही एका छोट्या टीमला होतात त्याच सीझनमध्ये आयझॉल एफसीने कमाल केली, आदल्या वर्षी खालच्या लीगमध्ये गेलेली टीम परत वर घेतली गेली आणि 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये 1-1 करून देशाची चॅम्पियन. कोच कोण तर आपल्या मुंबईचे खालिद जमील, जे 2016 पर्यंत मुंबई एफसीला होते, आणि त्यांना सोडलेली मुंबई एफसी त्याच सीझनला खाली गेली! तुम्ही त्या रात्री फोन केला होतात, मागे फटाक्यांचा आवाज, म्हणालात "ऐक, ऐक, डोंगर ओरडतोय." तुमची टीम नव्हती तरी तुम्ही लहान पोरासारखे खूश होतात.

खालिद सर मग ईस्ट बंगाल, मोहन बागान, गुवाहाटी, जमशेदपूर करत करत ऑगस्ट 2025 ला इंडियाचे कोच झाले. मी पोरांना पेढे वाटले. पण सर, पेढे खाताना मला तुम्ही आठवलात. एक खालिद जमील वर पोचतो तेव्हा त्याच रस्त्यावर बॅग घेऊन उभे असलेले तुमच्यासारखे किती असतात, त्यांची पोस्ट पाठमोऱ्या फोटोची असते. 2025 मध्ये तर वरची लीग होणार की नाही हेच महिनोनमहिने कळत नव्हतं, मोठ्या क्लबांनी पगार थांबवले तिथे खालच्या कोचला कोण विचारतंय. असो. चिडलो की मी भरकटतो, तुम्हीच म्हणायचात, बॉल सोडून माणसामागे पळू नको.

तर तुमचे नंबर. पहिला आला सर गोवा. माझं ऑपरेशन झालेलं, तुम्ही कोल्हापूर सोडून गेलेले, आणि दर रविवारी फोन, हॅलो पण नाही, "कितवा आठवडा?" मी आकडा सांगायचो. "वाकतो किती?" सांगायचो. "ठीक." फोन बंद. सहाव्या महिन्यात मी उत्साहात म्हणालो सर एकदम फिट आहे, गल्लीत खेळून आलो, तर तुम्ही मुंबईची जी शिवी दिलीत ती इथे लिहिता येत नाही. नऊ महिने म्हणजे नऊ, त्याआधी खेळलास तर परत तुटेल, आणि परत तुटला तर मी फोन करणार नाही. मी घाबरून नऊ महिने थांबलो, नंतर फिजिओने पण तेच सांगितलं, लवकर उतरणाऱ्यांचे गुडघे परत जातात. तुम्ही फोन करणार नाही म्हणालात त्याचीच जास्त भीती वाटली, लिगामेंटपेक्षा.

माझी काही यशोगाथा वगैरे झाली नाही. परत दोन सीझन खेळलो, शाहू स्टेडियमवर भरल्या स्टॅंडसमोर एक गोल मारला, तो व्हिडिओ कुणीतरी हलत्या हाताने काढलाय त्यात गोल दिसतच नाही फक्त आवाज येतो, पण आहे माझ्याकडे. मग लक्षात आलं आपली लेव्हल एवढीच. कोचिंगचं डी लायसन्स केलं, आता शाळेच्या पोरांना शिकवतो. ज्या क्लबने ट्रॅकसूट परत नेला त्यांनी मागच्या वर्षी मला सत्काराला बोलावलं, शाल आणि नारळ. गेलो. आई म्हणाली जा, चांगलं नाही दिसत. ते पदाधिकारी माईकवर म्हणाले, आमच्याच क्लबने घडवलेला मुलगा! मी तिथे काही बोललो नाही सर, नारळ घेऊन घरी आलो, पण आज बोलतो, मला त्यांनी नाही घडवलं. मला चाकावरच्या सीटवर बसलेल्या एका दुसऱ्या टीमच्या कोचने सांभाळलं.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी लागतं, चेक देतानाचा फोटो, बॅनर. माझा अनुभव असा की खरा चांगला माणूस आपल्याला लाजवत नाही. मदत करणारे मला नंतर पण भेटले, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी मदतीबरोबर एक बिल पण दिलं, चार लोकांत सांगून. तुम्ही तर मी यायच्या आत जाऊन बसला होतात. माझ्या पोरांमधल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, त्यात काय सर, सीटच तर दिली. बरोबर आहे त्याचं, सीटच तर दिली. त्याचा गुडघा धड आहे, देव करो आणि तसाच राहो.

मागच्या महिन्यात आम्ही सांगलीला मॅचला गेलो. एक पोरगा प्लॅस्टर घेऊन आला, खेळणार नव्हता, फक्त बरोबर यायचं होतं त्याला. मी लवकर गेलो आणि चाकावर बसलो. सर, भयंकर सीट आहे ती! सांगलीपर्यंतच माझी कंबर गेली, माझं वय एकतीस, आणि तुम्ही त्या गुडघ्याने मुंबईपर्यंत... अर्ध्या वाटेत माझी मांडी बधिर झाली आणि मी एकटाच मागे बसून हसत होतो, पोरांना वाटलं सरांचं काहीतरी बिघडलंय.

आता कामाचं. तुम्ही सध्या कुठे आहात माहीत नाही, पोस्टमध्ये मागे डोंगर दिसत होते म्हणजे थंडी असणार, आणि थंडीत तुमचा उजवा गुडघा त्रास देतो. चांगली नी-कॅप घेऊन ठेवलीये, साईझ अंदाजाने एल घेतलाय, पत्ता कळवा. आई विचारत होती ते मुंबईचे सर जेवतात का वेळेवर, तिला काय सांगू तेही कळवा. आमच्या शाळेत पोरांसाठी एक महिना कुणी यायला तयार असेल तर बघा असं मुख्याध्यापक म्हणालेत, पैसे फार नाहीत, तुमच्या लेव्हलचं काम नाही, मी विचारतोय फक्त. खोली आमच्या घरातली वरची आहे पण जिना आहे म्हणून खालची मी रिकामी करतो.

नवीन नंबर घेतलात की नुसता मिस्ड कॉल द्या. या वेळी गावाचं नाव टाकून सेव्ह करणार नाही.

तुमचा,
पुढच्या सीटवरचा